कपडे कमी केलेत, पगार नाही

निशी-कासाई, टोकियो
५ ऑक्टोबर

ती. आई व ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. ओमचा खोकला गेला. तुमच्या जावयाचं, मंदारचं, नेहमीचंच. मी जेवते, झोपते, सगळं वेळेवर. हे पत्र त्या रविवारच्या फोनबद्दल आहे, आम्ही घरातले कपडे एवढे कमी का केले या तुझ्या प्रश्नाबद्दल. आई, फोनवर सांगायला लागले की तू मधेच "बरं बाई, तुझं तू बघ" म्हणतेस आणि विषय तिथंच मिटतो. लिहिलेलं निदान पूर्ण वाचावं लागेल.

तर आधी काकूंचं. त्यांना सांग, जावयाची नोकरी शाबूत आहे. दर व्हिडिओ कॉलला तोच निळा स्वेटर दिसतो हे खरं, पण तो एक नाही, तसले तीन आहेत. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे घेतले. पांढरे शर्ट पाच, तेही सगळे सारखे. सकाळी तोझाई मेट्रो लाइनच्या गर्दीत घुसायच्या आधी कशावर काय घालू याचा विचार नको, असं मंदार म्हणतो. शिवाय २००५ पासून इथल्या सरकारनेच उन्हाळ्यात टाय-कोट काढा, ऑफिसातला एसी २८ वर ठेवा अशी मोहीम चालवलीय, त्यामुळे सूटही एकच पुरतो. पगार उलट एप्रिलमध्ये थोडा वाढला. थोडाच, पण वाढला.

आता घराचं. तू बघितलेलं ते मोठं लाकडी कपाट आम्ही काढून टाकलं. भिंतीतलं ओशिइरे तेवढं राहिलंय. ते मुळात गाद्या घडी करून ठेवायला केलेलं असतं, खोल आणि दोनच खणांचं. खालच्या खणात पांघरुणं आणि प्रवासाच्या बॅगा, वरच्या खणात आम्हा चौघांचे कपडे. मावतात. बाबा, कपाट काढायचं तर आम्हालाच पैसे मोजावे लागले. मोठी वस्तू टाकायची असली की आधी फोन करून वार ठरवायचा, दुकानातून तिकिटं विकत आणायची, ती वस्तूवर चिकटवायची आणि मग खाली नेऊन ठेवायची. भंगारवाल्याला आपणच पैसे द्यायचे! बोहारीण तर विसराच. जुने कपडे धुऊन, वाळवून, आरपार दिसेल अशा पिशवीत घालून ठरल्या वारी ठेवायचे. पाऊस असेल तर नाही, कारण भिजलेलं कापड पुढे उपयोगाचं राहत नाही. टाकायचे कपडे मी इस्त्री करायची तेवढी बाकी होते.

पण हे खूळ डोक्यात कुठून शिरलं असं तू विचारलंस, ते नीट सांगते. इथे कोरोमोगाए म्हणून एक प्रकार आहे. १ जूनला आणि १ ऑक्टोबरला देश कपडे बदलतो. अतिशयोक्ती करत नाहीये. ३१ मेला हायस्कूलची पोरं गडद कोटात घामाघूम होऊन जात असतात, दुसऱ्या दिवशी सगळी पांढऱ्या अर्ध्या बाह्यांत. पोलिसांचंही तसंच. १ ऑक्टोबरला पुन्हा उलटं. हवा कशी आहे ते कुणी बघत नाही, तारीख बघतात. म्हणे हजार वर्षांपूर्वी राजवाड्यात सुरू झालं. उत्तरेला होक्काइदोत थंडी लवकर पडते म्हणून तिथल्या तारखा थोड्या वेगळ्या, दक्षिणेला ओकिनावात त्याहून वेगळ्या, पण तारीख असतेच. अलीकडे उकाडा फार वाढलाय म्हणून बऱ्याच शाळांनी मधले काही दिवस मोकळीक दिलीय. पहिल्या वर्षी मी हसले होते. २ ऑक्टोबरला मी बिनबाह्यांचा कुर्ता घालून भाजी आणायला गेले, उकाडा मे महिन्यासारखा, तरी दुकानातल्या बाईने माझ्या दंडांकडे ज्या काळजीने पाहिलं ते अजून आठवतंय.

घरोघरी मग त्या आठवड्यात सगळे कपडे बाहेर. मोसम संपलेले धुऊन, वाळवून डब्यांत बंद, पुढचे वर. ड्रायक्लीनरकडे ही गर्दी. त्यातले काही ड्रायक्लीनर तर कपडे धुऊन पुढच्या मोसमापर्यंत आपल्याकडेच सांभाळतात, त्याचे पैसे घेतात. यात गंमत अशी की वर्षातून दोनदा प्रत्येक कपडा हातातून जातो. सहा महिन्यांत अंगाला न लागलेला लगेच उघडा पडतो. आपण दसऱ्याच्या आधी कपाट उपसतो, साड्यांना ऊन दाखवतो, नव्या डांबरगोळ्या टाकतो आणि सगळं जिथल्या तिथं परत ठेवतो. (तुला बोलत नाहीये, मीही तेच करत होते.)

बाबा, हे खास तुमच्यासाठी. शेजारच्या आजींनी मला त्यांचे किमोनो दाखवले. एकेक किमोनो कागदाच्या वेष्टनात, वर बारीक फीत बांधलेली, आणि पेटी किरी नावाच्या हलक्या लाकडाची. आजींनी फीत सोडली, कागदाचे पदर चारी बाजूंनी उघडले आणि आधी हात पुसले, मग कापडाला लावले. तुम्ही शालू उलगडायच्या आधी धोतराला हात पुसता ना, अगदी तसं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत अस्तराचा, जून आणि सप्टेंबरला बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टला जाळीदार पातळ. आपल्यासारखं वैशाखातल्या लग्नात भरजरी नेसून घामाच्या धारा नाहीत. कापडाचा पन्हा फक्त चौदा-पंधरा इंच, तागा बारा मीटरच्या आसपास, आणि सगळे तुकडे सरळच कापलेले, कळी नाही, गोलाई नाही. पूर्वी धुवायचा तर अख्खा उसवायचा, पट्ट्या पुन्हा जोडून एकसलग कापड करायचं, धुऊन ताणून वाळवायचं आणि परत शिवायचा. चिंधी म्हणून वाया जात नाही. मी त्यांना सांगितलं, माझ्या वडिलांचं इचलकरंजीला साड्यांचं दुकान आहे. आजी दोनदा वाकल्या. तुमच्या वतीने मीही वाकले.

कापडवाल्याच्या मुलीने कपडे कमी घ्या म्हणावं, हे तुम्हाला कसं वाटत असेल ते मला कळतं. त्याच दुकानावर माझं इंजिनिअरिंग झालं. पण तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगत होता की दोन स्वस्त घेण्यापेक्षा एक चांगली घ्या.

मुलांची हौस मारत नाही. इथे लहान मुलांच्या कपड्यांवर वय नसतं, उंची असते, ११०, १२०, १३० सेंटिमीटर. त्यामुळे आर्याचं झालेलं ओमला सरळ येतं, आणि आर्याला इथल्याच एका मराठी घरातून येतं. दुसऱ्याचं उतरलेलं घालते म्हणून तू हळहळलीस, पण मी दहावीपर्यंत मंजूताईचेच फ्रॉक घातले ना? आणि ऐक, शाळेत जेवण वाढायची पाळी मुलांवर असते. त्यासाठीचा पांढरा डगला वर्गात सामाईक असतो. ज्याची पाळी संपली त्याने शुक्रवारी घरी न्यायचा, धुऊन इस्त्री करून सोमवारी पुढच्याला द्यायचा. गेल्या वेळी आर्याने आणलेल्या डगल्याचं एक बटण सैल होतं, ते तिने स्वतः शिवलं. सुई धरायला तूच शिकवलंस तिला. दोन परकर-पोलकी ठेवलीत, दिवाळीला घालेल.

आता साड्या. मी तुझ्याकडे साड्यांची बॅग पाठवली, तिच्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस. "मिळाली" एवढंच. इथे जून-जुलैत पाऊस लागला की बंद कपाटात ओल साचते. ओल शोषायचे डबे मिळतात, ते पाण्याने भरतात. जांभळ्या पैठणीवर पांढरे ठिपके दिसले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. घाबरू नकोस, ठिपके वरच्या मलमलीवरच होते, साडीला काही झालेलं नाही, तरी एकदा पदर उघडून बघ. म्हणून पाठवल्या. नकोशा झाल्या म्हणून नाही. इथे दोन ठेवल्यात, हिरवी इरकल आणि बारशातली मोतिया. मंडळाच्या गणपतीला तीच ती इरकल नेसते, लोकांना पाठ झाली असेल. तुझं कपाट भरलं म्हणून माझं मोकळं झालं, हे मला कळतं. तिथे तू माझ्या साड्यांच्या घड्या मोडतेस आणि इथे मी सुटसुटीत राहते. वाटल्यास दोन-तीन जुन्या सुती गोधडीला दे, पण पैठणी आणि आजीची चंद्रकळा नको.

अमोलच्या साखरपुड्याला येता येत नाही. मी विचारून बघितलं, दोनदा. लग्नाला मात्र मी आणि आर्या चार दिवस आधी येतो. मंदारला वर्षअखेरीला सुट्टी मिळणं कठीण आहे, तो अक्षतांपुरता तरी यायचं बघतो. माझ्या सासूबाईंना आहेराची साडी चांगली द्या, मान राखा, आमचं खूळ त्यांच्यावर लादू नका. मला साडी नको म्हटलं असतं, पण बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. एक घेईन, नव्या वहिनीने निवडलेली. हळदीला मी कपाटातलीच एखादी नेसेन. कुठली ते तू ठरव, मला आता सगळ्या आठवतही नाहीत.

पैशांचं बाबांना सांग. येन पडलाय, त्यामुळे मी तेवढेच पाठवले तरी तिकडे रुपये कमी दिसतात. हात आखडता घेतलेला नाही. लग्नाच्या हॉलची उरलेली रक्कम मी भरते, दिवाळीच्या आधी पाठवीन. अमोलला सांगायचं नाही.

काळजी करू नका. बाबा, गुडघ्याचा पट्टा दुकानात बसतानाही लावा. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
सुजू

ता. क. ब्लाउज शिवायला टाकशील तर जुनं माप देऊ नकोस. कमरेला दोन इंच वाढव आणि आतून शिलाई भरपूर ठेवायला सांग. तब्येत खाल्ल्याने वाढलीय, म्हणजे बघ, खायला काही कमी नाही. काकूंना हेही सांग.