फॉर्म भरून पाठव

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

परवा पिंट्या आला होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की तू रात्री एक-एक वाजेपर्यंत जेवणाची पार्सलं पोचवत फिरतोस. पुढचा टायर गुळगुळीत झालेला, त्यात हा पाऊस. फोनवर 'काही नाही गं' म्हणून विषय तोडशील, म्हणून लिहितेय.

गावच्या पतसंस्थेची शिष्यवृत्ती यंदाही आहे. गुरुजी स्वतः फॉर्म देऊन गेले. आधी ती फक्त कॉलेजवाल्यांना मिळायची. तू फिटरला लागलास त्या वर्षी मीटिंगात भांडून त्यांनी आयटीआयच्या पोरांनाही सुरू करायला लावली. तुझे सेफ्टी शूज आणि एसटीचा पास त्यातूनच आले. आठवतं, कानसून कानसून चौकोनी केलेला तो लोखंडाचा तुकडा घरी आणलास, काटकोन तपासायचा गुण्या लावून ट्यूबलाइटसमोर धरलास आणि म्हणालास, "बघ, मधून उजेड दिसतोय का?" तसूभरही दिसत नव्हता. तळहाताला फोड आले होते. कुणीही आलं की बाबा तो तुकडा हातात देतात, अजूनही.

आता तू डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आहेस. आपल्या घरात इथवर कुणी गेलं नाही. पहाटे येऊन झोपलास तर आठच्या प्रॅक्टिकलला मशीनपुढे उभा कसा राहणार? हात मशीनवर असतो रे.

तू म्हणशील, आप्पा 'कमवा आणि शिका' करूनच शिकले. शिकले ना, पण साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात, दिवसाउजेडी शेतात राबून. हायवेवर ट्रकांच्या मधून नव्हे. आणि 1924 साली सुरू झालेलं ते बोर्डिंग मुलांच्या घामावरच चाललं नाही. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. हे सांगताना आप्पांचा गळा दाटून यायचा, पण तिथं जेवल्याची लाज त्यांना कधी वाटली नाही. मग तुला पतसंस्थेचे पैसे घ्यायला कसला संकोच?

पुन्हा व्याख्यान झालं. रागावू नकोस.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्जही भर. उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं की निम्मी शिक्षण फी मिळते. बाबा तहसीलमधून दाखला आणतायत. तुझं खातं आधारला जोडलंय का, ते आधी बघ. नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकून बसतात. सरकारी पैसे उशिरा येतात, हे खरंय. मेसवाला तोवर थांबत नाही, हेही मला कळतं. म्हणून तर पतसंस्थेची रक्कम लागते. थोडी असते, पण वेळेला हातात येते. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, 1955 पासून खेड्यातल्या मुलांची राहायची सोय करतात. पुढच्या वर्षासाठी तिथंही चौकशी कर.

काम करू नकोस असं मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी एखाद्या वर्कशॉपला जा, हात तरी बसेल. रात्रीची गाडी तेवढी सोड.

गुरुजी शनिवारी फॉर्म न्यायला येणार आहेत. फीची पावती आणि मार्कशीटचा फोटो त्याआधी बाबांच्या मोबाइलवर टाक. टायरचे पैसे आजच पाठवलेत.

तुझी,
आई