मॉडेल रेल्वेला ‘कोणताही १२ व्होल्टचा अडॅप्टर’ चालत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या उन्हाळी सुट्टीच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेच्या छंदावर लेख आला, वाचून फार बरं वाटलं. आपलं नागपूर रेल्वेचंच गाव, मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम पाहून आलेली पोट्टी घरी येऊन हमखास हेच मागतात, तेव्हा हा छंद इथं वाढायलाच पाहिजे. पण त्या लेखात एक वाक्य होतं की रुळांना करंट द्यायला घरात पडलेला कोणताही १२ व्होल्टचा अडॅप्टर चालतो. तेवढं वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करून छापा ही कळकळीची विनंती, कारण ते वाचून दहा-बारा वर्षांचं पोर खरंच काहीतरी जोडून बसेल.

लोक इंजिन आणि डब्यांवर सगळे पैसे घालतात आणि सप्लाय शेवटी जो मिळेल तो घेतात. माझं म्हणणं उलटं आहे, आधी सप्लाय आणि वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर नीट निवडा, इंजिन एक कमी घेतलं तरी चालेल.

आधी अँपिअरबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे. खूप जणांना वाटतं १ अँपिअरच्या जागी ५ अँपिअरचा सप्लाय लावला की इंजिन जळतं. तसं होत नाही, टाकी मोठी आहे म्हणून नळाखालचा ग्लास फुटत नाही. एचओ स्केलचं, म्हणजे १:८७ चं आजकालचं चांगलं इंजिन साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतं, जुनं असलं तर एकपर्यंत जातं, आणि सप्लाय कितीही मोठा असो ते तेवढंच ओढतं. भीती आहे ती शॉर्टची. गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर डबा घसरला, लोखंडी चाक दोन्ही रुळांना एकदम टेकलं की सप्लायची पूर्ण ताकद त्या एका ठिकाणी उतरते. १२ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे ६० वॉट, छोट्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त, आणि हे सगळं नखाएवढ्या जागेत! चाकाजवळचं प्लास्टिक मऊ पडतं, करंट घेणारी बारीक पट्टी लाल होते, आणि त्या अडॅप्टरला यातलं काहीच कळत नाही कारण त्याच्या दृष्टीनं तो अजून लिमिटमध्येच आहे. म्हणून एक-दोन गाड्यांच्या घरगुती लेआऊटला, म्हणजे मांडलेल्या रेल्वेला, १ ते २ अँपिअरचा, शॉर्ट झाल्याबरोबर ताबडतोब बंद पडणारा सप्लायच घ्या. दुकानात विचारताना ‘किती अँपिअर’ याच्याआधी ‘शॉर्ट झाला तर काय करतो’ हे विचारा.

बर्डीवर ते जाळीच्या पत्र्याच्या डब्यातले एसएमपीएस मिळतात, एलईडी पट्ट्यांना आणि सीसीटीव्हीला लावतात ते, स्वस्त पडतात म्हणून बरेच जण तेच उचलतात. एकदा उलटा करून नीट बघा. एका बाजूला स्क्रूची एक रांग, त्यात एल (फेज), एन (न्यूट्रल), अर्थ, आणि त्याच रांगेत पुढं मायनस-प्लस, म्हणजे २३० व्होल्टचा उघडा स्क्रू आणि पोराच्या रुळाकडं जाणारी वायर यांच्यात बोटभर अंतर. बरेचदा वरती पारदर्शक झाकण असतं तेही निघून आलेलं असतं. ज्याला वायरिंग येतं त्यानं बंद पेटीत बसवून, थ्री पिन प्लगनं अर्थिंग देऊन, पुढं वेगळा फ्यूज टाकून वापरावा, पण मुलांच्या खोलीत उघडा नकोच.

दुसरी गोष्ट अमेरिकेहून येणाऱ्या सेटची. मामा-काका कौतुकानं आणतात, पेटी उघडली की पोराला धीर नसतो, पिन बदलायचा छोटा कन्व्हर्टर लावला की झालं असं वाटतं. तो कन्व्हर्टर फक्त पिनचा आकार बदलतो हो! आतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा आहे, आपल्या २३० वर तो पार जळून जातो. मागची पट्टी वाचा, इनपुट १००-२४० लिहिलं असेल तरच सरळ लावा, नाहीतर तो ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवून इथला सप्लाय घ्या. आणि जर्मनीचा जुना मेर्कलिन सेट असेल तर ती वेगळीच भानगड, त्याची इंजिनं एसीवर चालतात, दिशा बदलायला जास्त व्होल्टचा झटका द्यावा लागतो, आणि जुने ट्रान्सफॉर्मर २२० साठी बनलेले, त्यामुळं कारागिराला दाखवल्याशिवाय प्लग लावू नका. त्या ट्रान्सफॉर्मरवर डीसीचं इंजिन तर कधीच ठेवू नका.

कंट्रोलरमध्ये नागपूरकरांनी एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. आपल्याकडं बऱ्याच जणांच्या मनात सातपुड्याची छोटी लाईन आहे, छिंदवाड्याची २०१५ ला बंद झाली, नागभीडची २०१९ ला, आणि तीच घरी उभी करायची हौस असते. तिच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, १:८७ नं भागली की पावणेनऊच्या जवळ येते, म्हणून ९ मिलिमीटरचा तयार रूळ वापरता येतो. पण या छोट्या इंजिनांत मोटार पण इवलीशी, काहींत कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेली. ऑनलाईन मिळणारे एका नॉबचे पीडब्ल्यूएम (करंट झपाझप चालू-बंद करणारे) स्पीड रेग्युलेटर कमी फ्रिक्वेन्सीचे असले की अशी मोटार घूं घूं आवाज करते आणि आतून तापते. साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचा असेल तर ठीक, नाहीतर साधा गुळगुळीत डीसी देणारा कंट्रोलरच बरा. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोरांना तर मी म्हणेन एलएम३१७ या व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या आयसीवर स्वतः बनवा, चांगल्या कंपनीचा बंद १५ व्होल्टचा अडॅप्टर घ्या (त्या आयसीत दोनेक व्होल्ट खर्च होतात), मोठा हीटसिंक, आयसी आणि हीटसिंकच्या मध्ये मायका, आणि दिशेसाठी प्लस-मायनस उलटवणारा डीपीडीटी स्विच. आयसी स्वतःच दीड-दोन अँपिअरच्या आसपास आवर घालते, शॉर्टमध्ये तेच कामी येतं. गाडी स्टेशनात हळूहळू शिरताना न अडखळता थांबली की त्या नॉबची किंमत कळते.

डीसीसीची, म्हणजे डिजिटल हुकुमांवर गाड्या चालवायची, हौस असेल तर घाई करू नका. त्यात रुळावर कायम १४-१५ व्होल्ट असतात, एन या आणखी छोट्या स्केलसाठी थोडे कमी, आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो, त्यामुळं एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालतात. डिकोडर नसलेलं इंजिन त्यावर उभं ठेवलं तर जागच्या जागी तापतं, कोअरलेस असेल तर संपलंच. जुना डीसी कंट्रोलर त्याच रुळाला जोडून ठेवायचा नाही, दोन्हीतलं एकच. रुळाला करंट पुरवणारा बुस्टर बरेचदा ५ अँपिअरचा असतो म्हणून वायर पण तशीच पाहिजे, टेबलाखालून घरातली २.५ स्क्वेअर एमएमची आणि दर मीटरभर अंतरावर तिच्यापासून रुळाला बारीक फीडर वायर, कारण रुळाचे सांधे सैल झाले की करंट पुढं जात नाही. मग दोन रुपयाचं नाणं घेऊन लेआऊटभर फिरा आणि दोन्ही रुळांवर जागोजागी आडवं टेकवून बघा, प्रत्येक ठिकाणी बुस्टर लगेच बंद पडला पाहिजे. जिथं पडत नाही तिथली वायर कमी आहे, तिथं आणखी फीडर द्या.

आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा ट्रान्सफॉर्मर बंद कपाटात किंवा चादरीखाली नको, वारा लागेल असा बाहेर ठेवा. लाईट गेली की आधी रेल्वेच्या सप्लायचा स्विच बंद करा, परत आल्यावर पंखा-कूलर नीट चालू झाले की मगच गाडी चालू करा.

आपला,
एक रेल्वेप्रेमी वाचक,
मानेवाडा, नागपूर