कारखान्याबरोबर शहरही बंद पडते

संपादक महोदय,

मोठा कारखाना बंद झाला की बातमीत येतो तो फक्त कायम कामगारांचा आकडा. सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार, मालवाहतूकदार, कंत्राटी मजूर यांचीही कमाई बुडते, पण त्यांची मोजदाद कुणी करत नाही. कंत्राटी मजुराच्या हाती तर बहुधा भरपाईही पडत नाही.

मोटार कारखान्यांचे शहर असलेल्या अमेरिकेतील डेट्रॉइटची लोकसंख्या 1950 मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती, 2020 मध्ये ती 6 लाख 39 हजारांवर आली. रोजगार गेला, माणसे गेली, करवसुली आटली आणि 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा रस्त्यांवरचे जवळपास 40 टक्के दिवे बंद होते.

जर्मनीतील रूर खोऱ्यात कोळसा खाणी टप्प्याटप्प्याने बंद केल्या, शेवटची 2018 च्या अखेरीस. मुदतपूर्व निवृत्तिवेतन आणि दुसऱ्या खाणीत बदली यांची सोय झाली. बोखुम आणि डॉर्टमुंड येथे 1960 च्या दशकातच नवी विद्यापीठे निघाली. तिथली बेरोजगारी आजही देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, हे खरे. तरी पन्नाशीतल्या खाणकामगाराला गेटवर नोटीस लावून घरी पाठवले नाही, याचे मोल मला फार वाटते.

कारखान्याची जमीन विकण्याची घाई सगळ्यांनाच असते. ती विक्री मंजूर करण्याआधी कंत्राटी कामगारांसह सर्वांची देणी चुकती करावीत आणि त्या जमिनीचा काही भाग नव्या उद्योगांसाठी राखून ठेवावा, अशी सरकारला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक