उन्हाळी नाट्यशिबिर : पालकांनी एवढं वाचाच

नमस्कार मंडळी, शिबिर येत्या सोमवारपासून आपल्याच हॉलमध्ये. ८ ते १२ वयोगट सकाळी ८ ते १०, मोठी मुलं संध्याकाळी ५ ते ७.

- सैल सुती कपडे, पाण्याची बाटली. मोबाईल घरी.
- भरपेट खाऊन पाठवू नका, सुरुवातीलाच श्वासाचे व्यायाम असतात.
- कृपया दारात थांबू नका. गेल्या वर्षी एक मुलगी आईकडे बघून वाक्य विसरायची. आई बाहेर गेली आणि मुलीचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला!

शेवटच्या दिवशी कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह बाहेरून दाखवू. शाहू महाराजांनी उभारलेलं हे नाट्यगृह (तेव्हाचं पॅलेस थिएटर) आणि तिथे ८ ऑगस्ट २०२४ ला लागलेली आग, दोन्ही पोरांना माहीत हवं.

नावं शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.