हॉटेलात तात्पुरत्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सूचना

वसतिगृहाच्या खोल्या तयार होईपर्यंत हॉटेलात राहणाऱ्या सर्वांनी हे वाचावे.

खोलीत पाऊल ठेवताच, सामान उघडण्याआधी, भिंती, गादी, नळ आणि टीव्ही यांचे फोटो काढून ठेवा. आधीचे डाग आपल्या नावावर लागतात ते फोटो नसल्यामुळेच.

खोलीचे दार उघडणाऱ्या कार्डची मुदत हॉटेलच्या नोंदीतल्या चेक-आउट तारखेपर्यंतच असते. मुक्काम वाढला तरी कार्ड आपोआप वाढत नाही. त्या दिवशी सकाळीच रिसेप्शनवर नवे करून घ्या, नाहीतर रात्री दाराबाहेर उभे राहाल. चुंबकीय पट्टीचे कार्ड मोबाईलच्या मॅग्नेटवाल्या कव्हरात ठेवू नका, ते पुसले जाते. दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढले की बहुतेक सॉकेट बंद होतात, म्हणजे मागे ठेवलेला लॅपटॉप चार्ज होणार नाही.

छतावरच्या स्प्रिंक्लरला (आग लागली की पाणी फवारणारा नळ) कपड्यांचा हँगर अडकवू नका. आतली काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटण्यासाठी असते, पण धक्क्यानेही फुटते. मग काळपट पाणी खोलीभर, आणि खालच्या मजल्यावरही. इंडक्शन, हीटर आणू नका. किटली आणि इस्त्री एकाच बोर्डवर एकदम लावली तर वीज ट्रिप होऊन जाणार हे ठरलेलेच. आंघोळीनंतर बाथरूमचे दार लगेच सताड उघडू नका, वाफेनेही धुराचा अलार्म वाजतो.

मिनीबारला (खोलीतला विकतच्या पेयांचा छोटा फ्रिज) हात लावू नका; काही ठिकाणी बाटली नुसती उचलली तरी बिलात चढते.

पत्रे, पार्सले कॉलेजच्या पत्त्यावरच मागवा.