लाल टेस्ट वाचायला शिकवणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई म्हणतो. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. वाचनालयाच्या सॉफ्टवेअरचं काम आम्ही सभासद फावल्या वेळात करतो. तुम्ही तर सभासदही नाही, तरी नोकरी सांभाळून शनिवारचे शनिवार आमच्यासोबत बसलात.

तुम्ही आलात तेव्हा सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनावरच्या जुन्या टेस्ट होत्या, म्हणजे साइट नीट चालते का हे स्वतःच क्लिक करून तपासणारे छोटे प्रोग्रॅम. प्रत्येक क्लिकच्या आधी ठरावीक सेकंद थांबायची ओळ. सर्व्हर जरा रेंगाळला की टेस्ट गेलीच. लाल (नापास) दिसली की पुन्हा रन करायची आणि हिरवी (पास) झाली की पुढे जायचं, अशी रीतच पडली होती. तुम्ही त्या दुरुस्त करत बसला नाहीत. आधी विचारलंत, "काय बंद पडलं तर सकाळी काउंटरवर रांग लागेल?" लॉगिन, पुस्तकांची देवघेव आणि वर्गणी, एवढंच निघालं. वाचकासारखं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं करून पाहणाऱ्या एंड-टू-एंड टेस्ट तेवढ्याच लिहायच्या, बाकीचं कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या युनिट टेस्टवर सोडायचं, हे तिथेच ठरलं.

मग सेलेनियमच्या जागी प्लेराइट हे साधन आलं. बटण दिसेपर्यंत, हलायचं थांबेपर्यंत, क्लिक घेण्याजोगं होईपर्यंत ते आपणहून थांबतं, त्यामुळे थांबायच्या सगळ्या ओळी उडाल्या. बटण सीएसएसच्या क्लासवरून, म्हणजे रंगरूपासाठी कोडमध्ये दिलेल्या नावावरून, शोधायचं नाही, "मुदत वाढवा" या नावाचं बटण म्हणूनच शोधायचं, हा तुमचा आग्रह. त्यात नुसत्या चित्रांची काही बटणं टेस्टला सापडेनात. टेस्टसाठी वेगळी खूण लावायला तुम्ही साफ नकार दिलात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकालाही ती सापडत नसणार, बटणाला नाव द्या, म्हणालात. आमच्या दृष्टिहीन सभासदांना त्याचा थेट उपयोग झाला.

लॉगिन एकदाच करून सेशन (लॉगिन झाल्याची नोंद) फाइलमध्ये ठेवणं, ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, न घालणं, प्रत्येक टेस्टने आपला सभासद आपणच तयार करणं, हेही तुमच्याकडूनच आलं. पेमेंट गेटवेकडे (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडे) जाणारी ब्राउझरची विनंती मध्येच अडवून "उत्तरच आलं नाही" हा प्रसंग उभा करता येतो, हे तर आम्हाला माहीतच नव्हतं.

पण माझ्या मनात राहिली ती मुदतवाढीची टेस्ट. दुपारी हिरवी, रात्री दोनच्या रनमध्ये हमखास लाल. टेस्ट नापास होऊन पहिल्यांदा आपोआप पुन्हा चालली की ट्रेस, म्हणजे तिच्या प्रत्येक पायरीची नोंद, ठेवायची सोय तुम्ही करून ठेवलीच होती. तो ट्रेस उघडून तुम्ही एकेक पायरी पुढे नेलीत: लॉगिन झालं, पुस्तक निवडलं, बटण दाबलं, आणि परतीची तारीख उमटली ती एक दिवस मागची. टेस्ट आपोआप चालवणारं सीआयचं मशीन यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथल्या ब्राउझरची तारीख कालचीच.

टेस्टच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) टाइमझोन एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, केला की टेस्ट हिरवी झाली असती, आणि आमच्यातले बहुतेक त्यावर समाधानीही होते. तुम्ही थांबवलंत. "मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आजोबांनी तिथून मुदत वाढवली, तर त्यांना कुठली तारीख दिसेल?" आपल्याकडे पहाट असताना त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. म्हणजे चुकीचीच. पान परतीची तारीख वाचकाच्या घड्याळावरून काढत होतं. टेस्ट बरोबर होती, बिघाड आमच्या पानात होता. आता ती तारीख सर्व्हरवर भारतीय वेळेने ठरते, आणि तीच टेस्ट आम्ही अमेरिका/न्यूयॉर्क टाइमझोन लावूनही चालवतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे लाल टेस्ट कुणी नुसती पुन्हा रन करत नाही. आधी ट्रेस उघडतात. नवीन आलेली मुलंसुद्धा.

वर्गणीची टेस्ट फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) यांवरही सुरू झाली आहे. तुम्ही सुचवलेलं ते शेवटचं काम होतं, म्हणून मुद्दाम कळवतो. आणि तुमचे शनिवार आम्हाला देणाऱ्या तुमच्या घरच्यांनाही आम्हा सगळ्यांकडून मनापासून धन्यवाद सांगा.

तुमचा ऋणी,
वाचनालयाचा एक सभासद