गोळ्या का सुटतात?

संपादक महोदय,

मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाने औषध चुकवले की त्याला निष्काळजी ठरवून आपण मोकळे होतो. त्याच्या चिठ्ठीचा हिशेब कोणी मांडत नाही. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. तेव्हा हा हिशेब घरोघरचा आहे.

इन्सुलिनची साधी कुपी १० मिलीची, दर मिलीला ४० युनिट, एकूण ४०० युनिट. सकाळी २० आणि रात्री १० घेणाऱ्याला महिन्याला ९०० युनिट, म्हणजे सव्वादोन कुप्या लागतात. सव्वादोन कुठे मिळत नाहीत. दोन घेतल्या जातात आणि महिनाअखेरचे तीन-चार दिवस ‘थोडे कमी टोचून’ निघतात. खरे तर उघडलेली कुपी साधारण चार आठवडे चालते, त्यामुळे तिसरी घेतली तरी वाया जात नाही. हे काउंटरवर सांगायला अर्धा मिनिट पुरतो. सिरिंजही पाहून द्यावी : या कुपीला लाल टोपणाचीच. केशरी टोपणाच्या १०० युनिटच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर पोटात जातात फक्त ८ युनिट.

गोळ्यांची काटकसर आणखी घातक. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची ‘एसआर’ गोळी मोडून दोन दिवस पुरवली, तर औषध सावकाश सुटण्याची तिची रचनाच मोडते. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनचा अंमल शरीरात बराच काळ राहतो. दोन दिवस चुकले तरी काही जाणवत नाही, म्हणून ‘गरजच नव्हती’ असा समज होतो. रक्तदाबाचीच अ‍ॅटेनोलॉल मात्र एकाएकी बंद केल्यास हृदयरुग्णाच्या छातीत कळा येऊ शकतात. आणि टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी ओलावा ओढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नये.

आता डॉक्टरांची बाजू. साखर वाढलेली दिसली की ‘गोळ्या घेता ना?’ असे विचारले जाते. याला उत्तर एकच : हो. मग एक औषध वाढते, बिल वाढते आणि पुढच्या महिन्यात आणखी गोळ्या सुटतात. त्यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात किती उरल्या?’ असे विचारावे, रिकामी पाकिटे आणायला सांगावीत आणि मगच मात्रा वाढवावी. तीन औषधांची एकत्रित गोळी सोयीची खरी, पण तीच औषधे जनऔषधी केंद्रात सुटी घेतल्यास कितीला पडतात, हेही रुग्णाला कळू द्यावे. काहींना एक गोळी परवडते, काहींना तीन स्वस्त गोळ्या, निवड त्यांची.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विमा योजनेचे कार्ड मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येते, रोजच्या गोळ्यांच्या खर्चाला नाही. काणकोण वा सत्तरी तालुक्यातल्या रोजंदारीवरच्या माणसाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची प्रत्येक फेरी एका दिवसाच्या मजुरीला पडते, मग तिथे औषध फुकट का मिळेना. म्हणून आरोग्य खात्याला एकच विनंती : ज्यांचा आजार आटोक्यात आहे, त्यांना सरकारी दवाखान्यांतून एका वेळी तीन महिन्यांचा साठा द्यावा. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही त्याच फेरीत व्हावी.

— एक फार्मासिस्ट, फोंडा